उसनी डुकरीण

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही बेंगळुरच्या पेटेतलं, म्हणजे जुन्या बाजारपेठेतलं घर सोडून शहराबाहेर हेब्बाळला राहायला गेलो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. सासरची माणसं चार पिढ्या बेंगळुरात राहिलेली, पेटेत त्यांचं कापडाचं दुकान. घरात मराठीच बोलायचे, पण थोडी भाजी वाढ म्हणायचं असलं की 'स्वल्प वाढ' म्हणायचे. मोठ्या दिरांना अण्णा म्हणायचं, जावेला अक्का. मी बेळगावची, मला कानडी नवं नव्हतं, तरी मराठी वाक्यात ते असं मधेच आलं की सुरुवातीला मला हसू यायचं.

पुढे हसू यायचं थांबलं. हेब्बाळला जाण्याच्या आदल्या वर्षी मला मुलगी झाली होती. ती नऊ दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं, ते झालं नाही, म्हणून तिला नावही मिळालं नाही. दहाव्या दिवशी सकाळी माझे यजमान आणि अण्णा तिला माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन गेले. दुपारी परतले, मागच्या दारी आंघोळ करून घरात आले. मी यजमानांकडे बघत राहिले, ते माझ्याकडे बघेनात. सासूबाईंना विचारलं, "कुठे नेलं तिला?" त्या म्हणाल्या, "तान्ह्या पोराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. कुठे ते बायकांनी विचारायचं नसतं."

मी विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात भेटायला आलेली शेजारीण सासूबाईंशी बोलत होती. मी आतल्या खोलीत निजले आहे असं त्या दोघींना वाटत होतं. शेजारीण म्हणाली, "खोल पुरलंय ना? नाहीतर तिकडे डुकरं फार. वर वर पुरलं की उकरतात." सासूबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाक करताना, कपडे धुताना, देवापुढे दिवा लावताना ते माझ्या सोबत असायचं. मी बोलणं कमी केलं, मग जवळजवळ बंदच केलं. यजमान हेब्बाळच्या बाजूला सरकारी फार्मच्या कचेरीत टंकलेखक होते, रोज सायकलनं इतक्या लांब जायचे. त्यांनीच कचेरीजवळ दोन खोल्यांचं कौलारू घर भाड्यानं घेतलं. सासूबाईंना म्हणाले, सायकलचा त्रास वाचेल. मला मात्र म्हणाले, "घरामागे उत्तरेला मोकळी जागा आहे. तू बाग कर. माहेरी तुमची होती ना?"

ती मोकळी जागा म्हणजे पाचेक गुंठ्यांचं रान होतं. कडेला घाणेरी माजलेली, मधे सगळीकडे लव्हाळा. लव्हाळा वरून साधं गवत दिसतो, पण खाली त्याच्या काळ्या गाठी असतात, आणि एक गाठ राहिली तरी पंधरा दिवसांत तिथे पुन्हा हिरवं दिसतं. यजमानांनी कुदळ घेऊन दोन शनिवार काम केलं, तळहाताला फोड आले, आणि तिसऱ्या शनिवारी पाहिलं तर आधी खणलेल्या जागी लव्हाळा पहिल्यापेक्षा दाट. आम्ही दोघं तिथे उभे राहून बघत होतो. त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली. कित्येक महिन्यांत मला दुसऱ्या कुणाबद्दल काही वाटलं असेल तर ते तेव्हा.

फार्मवरच्या एका साहेबानं त्यांना उपाय सांगितला. लव्हाळ्याच्या गाठी डुकराला फार आवडतात. जागेभोवती कुंपण करा, आत डुकरीण सोडा, ती नाकाडानं सगळी जमीन उलथीपालथी करेल, गाठी खाऊन टाकेल, वर खत देऊन जाईल. आणि आमच्या पलीकडे, दीडशे पावलांवर, एक म्हातारी डुकरं पाळायची. ख्रिस्ती होती, नवरा पलटणीच्या खाणावळीत स्वयंपाकी होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. तिला सगळे अम्मा म्हणायचे. यजमान तिच्याकडे जाऊन बोलून आले आणि त्या संध्याकाळी मला म्हणाले, "उद्यापासून अम्मांची डुकरीण आपल्याकडे येईल. दिवसा इथे, संध्याकाळी परत. पेटेत सांगू नकोस, आईला चालायचं नाही."

मी भाकरी थापत होते. हात थांबले. ते पुढे म्हणाले, "तुला किळस येईल का? तू लांबच राहा. फक्त पाणी बघ."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. शेजारणीचं ते वाक्य सासूबाई आणि मी सोडून कोणी ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं आत्ता सांगावं, आणि त्याच वेळी वाटलं की सांगितलं तर ते वाक्य त्यांच्याही मागे लागेल. मी "सरी" म्हणाले, म्हणजे बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा डुकरीण घेऊन आल्या. काळी, केसाळ, एक कान फाटलेला. दोर गळ्यात नव्हता, पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती बांधलेला होता, कारण डुकराच्या मानेतून दोर निसटतो. अम्मा पुढे चालत होत्या आणि "बा, बा" करत होत्या, आणि ती खरंच शिकवलेल्या गाईसारखी मागून येत होती. यजमानांनी बांबूच्या तट्ट्या उभ्या करून एक चौकोन केला होता. ती आत गेली, एकदा हुंगलं, आणि नाक जमिनीत खुपसून पुढे ढकललं. ओल्या मातीचा पट्टा बाजूला पडला. मग ती चावायला लागली.

तो आवाज मी आजही सांगू शकते. कच्ची सुपारी फोडावी तसा, पण ओला. यजमान कामावर गेले, अम्मा घरी गेल्या, आणि दिवसभर मी आणि तो आवाज. मी मागचं दार लावून घेतलं तरी ऐकू यायचा. चुलीपाशी बसले तरी यायचा. मला तिकडे बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. शेवटी मी दार उघडून पायरीवर बसले. ती नाक घालायची, ढकलायची, थांबून काहीतरी शोधल्यासारखं हुंगायची, आणि चावायची. प्रत्येक वेळी ती थांबली की मी पायरीवरून अर्धी उठायचे. तिथे गाठींशिवाय काही नाही हे मला माहीत होतं. तरी मी मनात म्हणायचे, तिथे नको, तिथे नको.

असे दिवस गेले. रोज एक चौकोन संपायचा, संध्याकाळी यजमान तट्ट्या पुढे सरकवायचे. मागे राहिलेली जमीन काळी, भुसभुशीत, एकही हिरवं पान नसलेली. ते खूश होते. मातीचं ढेकूळ हातात घेऊन मला दाखवायचे, "बघ, एक गाठ शिल्लक नाही." मी मान हलवायचे. जेवताना ते वांगी लावायची की घेवडा याबद्दल बोलायचे आणि मला त्यांच्या बोटांच्या नखांतली माती दिसत राहायची. मला वाटायचं, या हातांनी तिला ठेवलं. कुठे ठेवलं ते या हातांना माहीत आहे.

रविवारी ते सकाळीच पेटेत आईला भेटायला जायचे आणि दुपार टळल्यावर यायचे. मला चल म्हणायचे नाहीत, आणि मला त्या घरात पाय ठेवायचा नव्हता, म्हणून तेही सोयीचं होतं.

अम्मा संध्याकाळी डुकरीण न्यायला आल्या की थोडा वेळ पायरीवर बसायच्या. मी त्यांना कॉफी द्यायचे. त्या मला मगळे म्हणायच्या, म्हणजे पोरी. एकदा त्यांनी विचारलं, "तू तिच्याकडे इतकी का बघतेस? माझ्या डुकरिणीनं तुझं काय केलंय?" मी म्हणाले, काही नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यात डुक्कर वाईट समजतात, माहीत आहे मला. पण ती फक्त भुकेली असते, बाकी काही नसतं तिच्या मनात." मला त्यांना सांगायचं होतं की मला तेवढ्याचीच भीती वाटते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चौकोन अगदी कोपऱ्यात, करंजाच्या झाडाखाली पोचला. दुपारची वेळ होती. अम्मा त्या दिवशी लवकर आल्या होत्या, कुंपणापलीकडे उभ्या राहून पान चघळत होत्या. मी पायरीवर. डुकरिणीनं नाक घातलं आणि दगडावर घासल्याचा आवाज आला. तिनं दगड उलटा केला. सपाट, हातभर लांबीचा दगड, कोणीतरी आणून ठेवलेला. त्याच्या खाली तिनं पुन्हा नाक घातलं, आणि खापर फुटल्याचा आवाज आला.

मी कशी उठले ते आठवत नाही. तट्टी पाडून मी आत गेले होते आणि दोन्ही हातांनी तिला ढकलत होते. ती माझ्या तिप्पट वजनाची. मी तिच्या पाठीवर मुठी मारत होते, तिच्या तोंडापुढे चिखलात आडवी पडले होते, तिला त्या खड्ड्याजवळ येऊ द्यायचं नाही एवढंच मला कळत होतं. ती चावली नाही. ती बाजूला सरकली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. अम्मांनी दोर धरून तिला झाडाला बांधलं, मग येऊन माझ्या शेजारी गुडघ्यावर बसल्या.

खड्ड्यात एक छोटं मडकं होतं, तोंडावर परळ झाकलेलं, ते फुटलं होतं. मी डोळे मिटून घेतले. "बघू नका," मी म्हणाले. "अम्मा, झाकून टाका. कोणाचं तरी लेकरू आहे."

अम्मांनी ऐकलं नाही. त्यांनी खापऱ्या एक एक करून बाजूला केल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "डोळे उघड."

आत हाडं नव्हती. काळी, चिकट माती, भाताचा कोंडा, वाळून लाकूड झालेलं हळकुंड, गंजलेला खिळा आणि एक सुपारी.

"ही वार आहे," अम्मा म्हणाल्या. "या घरात कोणीतरी बाळंत झालं होतं. बाळ झालं की वार मडक्यात घालून पुरतात, वर दगड ठेवतात, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. इथे कोणी मेलं नाही, मगळे. इथे कोणीतरी जन्मलं."

मला रडू यायला हवं होतं ते सुटकेचं. मी रडले, पण सुटकेनं नाही. मला दिसत होता तो दगड. कोणा अनोळखी बाईच्या वारेवर कोणीतरी एवढा जड दगड आणून ठेवला होता. माझ्या मुलीवर कोणी दगड ठेवला होता का?

अम्मांना मी सगळं सांगितलं, चिखलात बसूनच. शेजारणीचं वाक्य पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं.  शेवटी त्या म्हणाल्या, "माझी दोन लेकरं चर्चच्या मागे आहेत. पाट्या आहेत, त्यावर नावं आहेत. दर वर्षी मी पाट्या घासते. तुमच्यात पाटी नसते, ते ठीक. पण जागा तर असते. नवऱ्याला विचार."

"विचारायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

"सासूबाई."

"तिचं कोणी गेलं होतं का?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

आम्ही दोघींनी खापऱ्या परत खड्ड्यात ठेवल्या, माती लोटली, तो दगड वर ठेवला. अम्मा डुकरिणीला घेऊन गेल्या. मी अंगावरचा चिखल तसाच ठेवून पायरीवर बसले.

यजमान आले ते सायकल भिंतीला लावतानाच थबकले. "काय झालं? पडलीस?"

मी म्हणाले, "तिच्यावर दगड ठेवला होता का?"

कोणावर, असं त्यांनी विचारलं नाही. ते खालच्या पायरीवर बसले. म्हणाले, "तीन ठेवले."

"खोल खणलं होतं?"

"माझ्या कमरेपर्यंत. अण्णा म्हणत होते पुरे, पुरे. मी ऐकलं नाही." मग ते खाली बघत म्हणाले, "मीही ऐकलं होतं, डुकरांचं. तिथेच एक माणूस म्हणाला. म्हणून मी रविवारी जाऊन बघतो."

"कुठल्या रविवारी?"

"दर रविवारी. आईकडे अर्धा तास बसतो. मग तिकडे जातो. दगड जागेवर आहेत ते बघतो आणि येतो."

सव्वा वर्ष ते हे करत होते. मी दर रविवारी दुपारी त्यांचं ताट झाकून ठेवायचे, आणि मला वाटायचं हा माणूस विसरला. "मग डुकरीण का आणलीत?" मी विचारलं.

"लव्हाळा जात नव्हता," ते म्हणाले. "आणि तुला बाग हवी होती. पहिल्या दिवशी कामावर गेलो तेव्हा वाटेत उलटी झाली मला. मग वाटलं, तुला काही माहीत नाही, तुला कशाला सांगायचं."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. पेटेत उतरलो नाही. शहराच्या पार दक्षिणेला, आज जे. पी. नगर म्हणतात त्या बाजूला, तेव्हा नाचणीची शेतं आणि एक लहानसं तळं होतं. बस संपली तिथून बरंच चाललो. तळ्याच्या बांधाखाली माळ होता आणि त्या माळावर जागोजाग दगड होते. दोन दोन, तीन तीन, कुठे एकच. मला वाटलं होतं एकच जागा असेल. तशा जागा इतक्या होत्या की मी मोजायचं सोडून दिलं. यजमान सरळ चालत गेले आणि एका बाभळीपासून थोड्या अंतरावर थांबले. "ही."

तीन दगड होते. भोवतालची माती घट्ट होती, त्यावर बारीक गवत उगवलं होतं, ते कोणी हलवलेलं नव्हतं. मी वाकून प्रत्येक दगडाला हात लावला. उन्हानं तापले होते. मी तिला काहीतरी म्हणणार होते, पण कोणत्या नावानं हाक मारायची ते कळेना. आम्ही मनात ठरवलेलं नाव एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. तिथेही सांगितलं नाही. थोडा वेळ बसलो, आणि उठलो.

त्यानं सगळं संपलं असं नाही. डुकरीण अजून आठवडाभर येत होती आणि तो चावण्याचा आवाज मला तसाच सोसत नव्हता. पण आता मी दार लावून घेतलं नाही. शेवटच्या दिवशी मी तिच्यासाठी पेज आणि कोंडा कालवून ठेवला, आणि ती खात असताना तिच्या फाटक्या कानापाशी खाजवलं. अम्मा म्हणाल्या, तिला तिथेच आवडतं.

त्या पावसाळ्यात आम्ही घेवडा, वांगी आणि दोन चाफे लावले. करंजाखालचा कोपरा तेवढा मी तसाच ठेवला. त्या वारेचं बाळ कोण होतं, आता केवढं झालं असेल, याचा शोध मी घेतला. घरमालकाला माहीत नव्हतं, आमच्या आधीच्या भाडेकरूंना कोणी ओळखत नव्हतं. लव्हाळा वर्षाच्या आत पुन्हा आला, कमी, पण आला. तेव्हा डुकरीण नव्हती, अम्मांनी ती पिल्लांसकट विकून टाकली होती. नंतर अम्मांनाही त्यांचा भाचा घेऊन गेला. जाताना त्यांनी मला पाट्या घासायचा ब्रश दाखवून म्हटलं होतं की आता तिकडे कोण जाईल. दोन वर्षं मी गेले. मग त्या पाट्यांवरची अक्षरं झिजून मला वाचता येईनाशी झाली.

माळावर आम्ही दोघं महिन्यातून एकदा जायचो. साठच्या दशकाच्या मध्यावर तिथे खुंट्या दिसल्या, मग दोऱ्या, मग रस्त्याची आखणी. एका महिन्यात गेलो तर तळं निम्मं बुजवलेलं होतं आणि बाभूळ नव्हती. आम्ही लाल मातीच्या सपाट जागेवर उभे राहिलो. यजमान इकडे चार पावलं, तिकडे चार पावलं चालले आणि म्हणाले, "इथेच कुठेतरी." त्यांचा आवाज इतका हळू होता की मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी तिकडे जाणं सोडलं.

मी एकदा गेले, एकटी, अजून एका वर्षानं. तिथे घरं झाली होती. अंदाजानं एका फाटकापाशी थांबले. नवं, पिवळ्या रंगाचं घर, ओसरीवर झोपाळा. एक तरुण बाई बाहेर आली आणि कानडीत विचारलं, कोण हवंय? मी म्हणाले, कोणी नाही, पत्ता चुकले. तिनं मला उन्हात उभं राहू दिलं नाही. आत बोलावून पाणी दिलं. कुठून आलात, तिनं विचारलं. हेब्बाळहून, मी म्हणाले. इतक्या लांबून, ती म्हणाली, आणि गूळही आणून दिला. मी झोपाळ्याच्या टोकावर पाय जमिनीला टेकवून बसले होते. अंगणात फरशी नव्हती, माती होती, आणि तिथे ती काय लावणार आहे ते ती मला सांगत होती. मी ऐकत होते. पाणी संपवून मी उठले.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं.  त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

"दिसलं नाही," मी म्हणाले. "पण दोरीवर झबली वाळत होती."

त्यांनी मान हलवली, आणि मी जेवणाची पानं घ्यायला आत गेले.